गाय गाभडली, आता काय? ब्रुसेलोसिसबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पशुवैद्यक आहे. सोलापूर-अहिल्यानगर पट्ट्यातल्या गोठ्यांवर माझी बावीस वर्षं गेली. खाली दिलेले प्रश्न मला फोनवर, दूध संकलन केंद्रावर, बाजारात आणि बऱ्याचदा रात्री अकरा वाजता विचारले गेले आहेत. उत्तरं सगळी सारख्या लांबीची नाहीत. ज्या ठिकाणी माणसं चुकतात तिथे जास्त लिहिलं आहे.

हा रोग आहे तरी काय?

ब्रुसेला नावाच्या जंतूमुळे होणारा, जनावरांचा गाभ पाडणारा आणि जनावराकडून माणसाला लागणारा हा रोग. गाई-म्हशींत मुख्यतः ब्रुसेला अबॉर्टस हा जंतू असतो, शेळ्या-मेंढ्यांत ब्रुसेला मेलिटेन्सिस. जुनी मंडळी याला सांसर्गिक गर्भपात म्हणतात. ते नाव मला आवडतं, कारण गाभडणंसुद्धा लागण होऊन पसरू शकतं हे त्या नावातच येतं.

१८८७ मध्ये माल्टा बेटावर डेव्हिड ब्रूस या ब्रिटिश लष्करी डॉक्टरांना तापाने मेलेल्या सैनिकांच्या प्लीहेत हा जंतू सापडला. दहा वर्षांनी, १८९७ मध्ये, डेन्मार्कच्या बर्नहार्ड बँग यांनी गाभडलेल्या गाईंमधला जंतू शोधला. दोन्ही जंतू एकाच कुळातले, हे कळायला पुढे आणखी बरीच वर्षं गेली.

गाय एकदाच गाभडली. पुढच्या वेताला नीट व्याली, वासरूही ठणठणीत. मग रोग गेला ना?

नाही. या रोगाबद्दलचा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच आहे.

लागण झालेली गाय साधारणपणे एकदाच गाभडते, तेही पाचव्या महिन्यानंतर, बहुतेकदा सातव्या-आठव्या महिन्यात. पुढच्या वेळी तिचं शरीर सावरतं आणि गाभ टिकतो. पण जंतू तिच्या कासेत आणि लसिकाग्रंथींत घर करून राहतो. ती दर वेताला व्याली की वारेतून (विल्यावर पडणाऱ्या गर्भाच्या आवरणातून), गर्भजलातून, विल्यानंतरच्या स्रावातून आणि पुढे दुधातूनही जंतू बाहेर टाकते. ती खाते-पिते, रवंथ करते, दूध देते. ताप नाही, खंगणं नाही. तिच्याकडे पाहून कुणालाही काही कळत नाही.

त्यामुळे गोठ्यात असं चित्र दिसतं: पहिल्या वर्षी एक गाय गाभडते, मालक म्हणतो पाय घसरला असेल. दुसऱ्या वर्षी तिच्या शेजारच्या दावणीच्या दोन गाभडतात. तिसऱ्या वर्षी घरच्या पहिलारू कालवडी गाभडतात. पहिली गाय मात्र तोवर दोनदा छान विलेली असते, आणि तिच्यावर कुणाचा संशयही जात नाही.

हा जंतू गाभण जनावरातच एवढा का माजतो?

गाईच्या वारेत एरिथ्रिटॉल नावाची एक प्रकारची साखर असते. ब्रुसेलाला ती फार मानवते, आणि गाभ वाढतो तशी त्याचीही वाढ तिथे जोरात होते, असं मानलं जातं. अशा एका वारेत अब्जावधी जंतू असतात. माणसाला आजारी पाडायला दहा ते शंभर जंतूही पुरेसे ठरू शकतात. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा, मग उघड्या हाताने वार उचलण्याबद्दल मी एवढा का बोलतो ते लक्षात येईल.

गाभडण्याचं कारण ब्रुसेलोसिसच आहे हे कसं ओळखायचं?

नुसतं पाहून ओळखता येत नाही. आयबीआर आणि लेप्टोस्पायरोसिससारखे दुसरे संसर्ग, गोचीडताप, बुरशी लागलेला चारा, ढुशी लागणं, कशानेही गाय गाभडू शकते. पण काही खुणा संशय वाढवतात: गाभ पाचव्या महिन्यानंतर पडला, वार अडकली, गोठ्यात वर्षभरात एकाहून जास्त जनावरं गाभडली, गाई वारंवार उलटत आहेत (गाभ न राहता पुन्हा माजावर येत आहेत), एखाद्या जनावराच्या गुडघ्यावर पाण्याची गाठ आली आहे, वळूचं वृषण सुजलं आहे. यांतलं काहीही दिसलं तर तपासणी करून घ्या.

माझा नियम साधा आहे. पाचव्या महिन्यानंतर गाभडलेली प्रत्येक गाय, अहवाल येईपर्यंत, ब्रुसेलोसिसचीच समजायची. अंदाज चुकला तर एक जोडी हातमोजे वाया जातात. उलट चूक झाली तर काय होतं ते मी स्वतः भोगलं आहे. ते पुढे सांगतो.

आत्ताच गाय गाभडली आहे. सगळ्यात आधी काय करू?

आधी घरातल्या गरोदर बाईला आणि मुलांना गोठ्यातून घरात पाठवा. कुत्री हाकला. गाभ तोंडात धरून ओढत नेणारं कुत्रं हा जंतू चार बांधांपलीकडे पोचवतं.

मग त्या गाईला दावणीतून सोडून वेगळी बांधा. वेगळी जागा नसेल तर निदान कडेला, जिथून तिचा स्राव आणि मूत वाहत इतर गाईंच्या पायांखाली येणार नाही अशा ठिकाणी.

हातात लांब हातमोजे घाला. पशुवैद्यकाकडे खांद्यापर्यंतचे असतात, जादा मागून ठेवले तर कुणी नाही म्हणत नाही. नसतील तर जाड, न फाटलेल्या प्लॅस्टिकच्या दोन-दोन पिशव्या कोपरापर्यंत चढवून वर दोरी बांधा. आदर्श नाही, पण उघड्या हातापेक्षा कितीतरी बरं. तोंडा-नाकावर मास्क किंवा दुहेरी पदर-रुमाल, पायात गमबूट. डोळ्यांत उडालं तरी लागण होते, म्हणून चष्मा असेल तर घाला.

गाभ आणि वार लगेच पुरू नका. आधी दवाखान्यात फोन करा किंवा १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाला कळवा. नमुने घ्यायचे असतील तर गाभाच्या पोटातलं द्रव्य, वारेचा तुकडा आणि गाईचं रक्त लागतं. ते काम पशुवैद्यकच करेल, तुम्ही गाभ फाडायचा नाही. तो येईपर्यंत पाटी किंवा घमेलं पालथं घालून वर दगड ठेवा.

नमुने घेऊन झाले की चार-पाच फूट खोल खड्डा, विहीर-ओढ्यापासून लांब. गाभ, वार आणि खालचं भिजलेलं गवत-पाचट सगळं त्यात, वर भरपूर चुना, मग माती. कुत्र्याने उकरू नये म्हणून वर काटे आणि दगड. ओलं पाचट खड्ड्यात मावत नसेल तर जाळा.

जमीन धुताना एक चूक सगळीकडे दिसते. शेण-रक्त तसंच ठेवून त्यावर ब्लीचिंग पावडर भुरभुरतात. शेणात क्लोरीन मरून जातं आणि जंतू जिवंत राहतो. आधी खरवडून काढायचं, मग जंतुनाशक टाकायचं, आणि लगेच न धुता अर्धा-एक तास तसंच ठेवायचं. गोठा कच्चा असेल तर वरची माती खरवडून त्याच खड्ड्यात टाका, मोकळ्या जागी चुना मारा आणि ऊन येऊ द्या. कडक उन्हात हा जंतू काही तासांत मरतो. सावलीत, ओल्या थंड कोपऱ्यात मात्र तो आठवडे, कधी महिनेसुद्धा टिकतो.

गाईचा स्राव पूर्ण थांबेपर्यंत, म्हणजे किमान महिनाभर, ती वेगळीच राहू द्या. तिची धार सगळ्यात शेवटी काढा.

आणि वार पोत्यात बांधून वडाला टांगू नका. दूध वाढावं म्हणून काही भागांत ही रीत आहे, तिच्यामागची माया मला कळते. पण खाली ठिबकणारं पाणी, कावळे आणि घारी, सगळे मिळून रोग वाटत राहतात. ओढ्यात सोडणं त्याहून वाईट.

वार अडकली आहे. गावातला जाणकार हाताने काढतो म्हणतो. काढू द्यावी का?

काढू देऊ नका. ओढून काढलेल्या वारेने गर्भाशयाला इजा होते, गाय पुढे उलटत राहते, आणि काढणारा माणूस खांद्यापर्यंत जंतूंत बुडतो. पशुवैद्यकाला बोलवा. बऱ्याच वेळा हात न घालता औषधोपचारानेच काम होतं. वारेला वीट किंवा चप्पल बांधून ठेवायची सवयही सोडा.

तपासणी कोणती, आणि कुठे होते?

गोठ्यावर किंवा दवाखान्यात होणारी सोपी चाचणी म्हणजे रोझ बेंगॉल: रक्तातल्या पाण्याचा एक थेंब, गुलाबी द्रावणाचा एक थेंब, चार मिनिटांत गुठळ्या दिसतात की नाही ते पाहायचं. तिच्यात पॉझिटिव्ह आलेलं जनावर प्रयोगशाळेतल्या एलायझा या रक्तचाचणीने पक्कं करतात. पूर्ण कळपाचा अंदाज घ्यायला दुधाची रिंग टेस्ट असते. त्यात कॅनमधलं एकत्र दूध तपासतात, पण चीक किंवा कासदाहाचं दूध मिसळलं तर ती फसवते. नमुने तुमच्या पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत किंवा पुण्यात औंधच्या रोग अन्वेषण विभागात जातात.

गाभडल्यावर लगेच घेतलेलं रक्त कधीकधी निगेटिव्ह येतं, कारण प्रतिपिंडं (जंतूशी लढायला शरीर रक्तात बनवतं ते घटक) अजून तयार झालेली नसतात. तीन आठवड्यांनी परत तपासा. आणि एकच गाय तपासून थांबू नका. संपूर्ण गोठा तपासायचा, दीड-दोन महिन्यांनी पुन्हा तपासायचा, लागोपाठ दोन फेऱ्या स्वच्छ आल्या की मग श्वास सोडायचा.

गाय पॉझिटिव्ह आली. औषध काय?

गाईसाठी नाही. जंतू पेशींच्या आत लपतो, आणि प्रतिजैविकांचा महागडा कोर्स करूनही तो पूर्ण निघून जाईल याची खात्री नसते. शिवाय ते औषध दुधात उतरतं. कुणी पाच इंजेक्शनांत ब्रुसेला बरा करतो म्हणाला तर पैसे खिशातच ठेवा.

मग त्या गाईचं करायचं काय?

या प्रश्नाचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही, आणि सोपं उत्तर देणाऱ्यावर तुम्हीही विश्वास ठेवू नका.

ज्या देशांनी हा रोग घालवला त्यांनी तपासून कापण्याचा मार्ग घेतला, मालकाला भरपाई दिली. आपल्याकडे गाईची कत्तल १९७६ च्या कायद्यानेच बंद आहे, २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले. श्रद्धेचा भाग वेगळाच. म्हणजे पॉझिटिव्ह गाय हयातभर कुठेतरी राहणार. प्रश्न एवढाच की ती कुठे आणि कशी राहते.

मी सुचवतो ते असं. तिला कायम वेगळ्या दावणीला बांधा, गव्हाण आणि पाण्याचं भांडं वेगळं ठेवा. तिला पुन्हा गाभण ठेवू नका, कारण गाभ राहिला नाही तर वार नाही, आणि वार नाही तर जंतूंचा मोठा लोंढा नाही. दूध आटेपर्यंत ते उकळून घरी वापरा. भाकड गाय पोसण्याचा खर्च कुणाला परवडतो, हे मला माहीत आहे. दहा-बारा गाईंच्या गोठ्यात एक-दोन सांभाळता येतात. सहा निघाल्या तर माणूस हतबल होतो. अशा वेळी निदान एक गोष्ट पाळा: त्या सहाच्या सहा एका बाजूला, आणि त्यांचं प्रत्येक विणं वर सांगितलेल्या काळजीने, जणू गाय गाभडलीच आहे असं समजून. तोवर लस दिलेल्या कालवडींची निरोगी पिढी दुसऱ्या बाजूला वाढवत न्या. काही वर्षांत गोठा बदलतो. मी बदललेले गोठे पाहिले आहेत.

गुपचूप बाजारात विकली तर?

तर तुमचा त्रास दुसऱ्याच्या दारात गेला, आणि त्याच्या घरातल्या बाईच्या हातात. काष्टी, लोणी, घोडेगावच्या बाजारांतून जनावर कुठल्या कुठे जातं. हा रोग गावोगाव पोचला तो मुख्यतः असाच, दोराला धरून. मी पॉझिटिव्ह जनावर विकायला कधीही हो म्हणणार नाही.

लस कधी द्यायची? मोठ्या गाईंना का देत नाहीत?

चार ते आठ महिन्यांच्या कालवडीला आणि पारडीला, आयुष्यात एकदाच. राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात ती मोफत आहे. ११ सप्टेंबर २०१९ ला मथुरेत हा कार्यक्रम सुरू झाला, लाळ-खुरकूत आणि ब्रुसेलोसिस या दोन रोगांसाठी. कानातल्या बारा अंकी बिल्ल्यावर त्या लसीची नोंद होते.

लस आहे स्ट्रेन १९. जॉन बक या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९२३ मध्ये एका जर्सी गाईच्या दुधातून हा जंतू वेगळा केला. प्रयोगशाळेत तो वर्षभराहून जास्त काळ तसाच राहून गेला, आणि नंतर पाहिलं तर त्याची मारकता उतरलेली. शंभर वर्षं उलटली, तरी बऱ्याच देशांत अजून तीच लस वापरली जाते.

ती जिवंत लस आहे, म्हणून वयाचे नियम कडक. गाभण गाईला नेहमीच्या मात्रेत दिली तर ती गाभडू शकते. गोऱ्ह्याला दिली तर वृषण सुजू शकतं, म्हणून नरांना अजिबात नाही. मोठ्या जनावराला दिली तर रक्तातली प्रतिपिंडं फार काळ टिकतात आणि पुढे चाचणीत ते जनावर रोगी की लसवंत हे कळत नाही. लहानपणी दिलेल्या लसीची प्रतिपिंडं साधारण दीड वर्षाच्या वयापर्यंत उतरतात, म्हणून त्याआधी तपासणी करून घाबरून जाऊ नका.

पथक गावात येतं त्या दिवशी कालवड साडेतीन महिन्यांची असते, पुढच्या फेरीला ती नऊ महिन्यांची झालेली असते. असं सारखं होतं. चार महिन्यांचा दिवस दिनदर्शिकेवर खूण करून ठेवा आणि स्वतः दवाखान्यात विचारा.

लस दिली म्हणजे निर्धास्त?

बऱ्याच अंशी. लस गाभडणं मोठ्या प्रमाणावर टाळते आणि जंतूंचं बाहेर पडणं कमी करते. पण गोठ्यात रोगी गाय असेल आणि तिची वार उघड्यावर पडत असेल तर एवढा मारा लसही झेलू शकत नाही.

वळू किंवा रेतनातून येतो का?

गावच्या वळूचा धोका आहेच, विशेषतः त्याचं वृषण सुजलेलं असेल तर. रोगी वळूचं वीर्य कृत्रिम रेतनाने थेट गर्भाशयात सोडलं तर धोका आणखी वाढतो. म्हणून मान्यताप्राप्त वीर्य केंद्रांत वळूंची ब्रुसेलोसिससाठी नियमित तपासणी होते. त्या केंद्राच्या गोठवलेल्या रेतमात्रा वापरा, रेताच्या कांडीवरचा शिक्का पाहून घ्या.

नवी गाय आणताना काय पाहू?

रक्त तपासणीचा अहवाल मागा. मागच्या वेताची चौकशी करा: वार पडली होती का, गाय वेळेवर व्याली होती का. व्यापारी खरं सांगेल असं नाही, पण विचारल्यावर त्याचा चेहरा पाहता येतो. गाभण कालवड परराज्यातून आणत असाल तर घरी आणून महिनाभर वेगळी ठेवा, परत तपासा, आणि ती विईपर्यंत तिच्यावर डोळा ठेवा. लहानपणी लागण झालेली कालवड कधीकधी पहिल्या वेतापर्यंत निगेटिव्हच दिसते. रोगी गाईच्या पोटच्या कालवडींनाही हेच लागू.

शेळ्या त्याच गोठ्यात आहेत. चालेल?

वेगळ्या ठेवल्या तर बरं. शेळ्या-मेंढ्यांतला मेलिटेन्सिस माणसाला जास्त जोरात धरतो, आणि तो गाईलाही लागतो. राष्ट्रीय कार्यक्रमातली ब्रुसेलोसिसची लस कालवडी-पारड्यांपुरती आहे, त्यामुळे शेळी गाभडली तर सगळी काळजी गाईसारखीच, किंबहुना जास्त. कळपाबरोबर मुक्काम करणाऱ्या धनगर कुटुंबांनी हे जरूर लक्षात ठेवावं. त्यांच्यात कोकरू हाताने ओढून काढणं रोजचं असतं.

दूध प्यावं की नाही?

उकळून प्यावं, निर्धास्तपणे. एक उकळी पुरेशी आहे. डेअरीत दूध ६३ अंश सेल्सिअसला ३० मिनिटं किंवा ७२ अंशांना १५ सेकंद तापवतात, त्यातही हा जंतू मरतो.

धारोष्ण दूध मात्र नको. ते ताकदीचं असतं म्हणून लहान मुलाच्या तोंडात थेट धार सोडणारे आजोबा मी पाहिले आहेत. प्रेमानेच करतात, म्हणून त्यांना समजावणं अवघड जातं. उकळलेल्या दुधाचं दही, ताक, लोणी, तूप सगळं चालतं. कच्च्या दुधाला विरजण लावलं तर आंबटपणाने जंतू मरेलच याची खात्री नाही. खरवस चांगला वाफवलेला असेल तर खा, पण चीक काढताना हातमोजे घाला. घरोघरी रतीब घालत असाल तर पॉझिटिव्ह गाईचं दूध त्यात मिसळू नका.

माणसाला नेमका कसा होतो? धोका कुणाला जास्त?

कच्च्या दुधातून, हातावरच्या जखमा-भेगांमधून, डोळ्यांतून आणि श्वासातून. श्वासातून किती सहज जातो याचा एक भयंकर दाखला चीनमधल्या लानचौ शहरात २०१९ मध्ये मिळाला. लसनिर्मितीच्या एका कारखान्यात मुदत संपलेलं जंतुनाशक वापरलं गेलं, जंतू हवेबरोबर बाहेर गेले आणि तीन हजारांहून अधिक लोक बाधित आढळले. त्यांतल्या बहुतेकांनी गाईला हातही लावला नव्हता.

पुस्तकात धोक्याच्या यादीत पशुवैद्यक, रेतन करणारे, खाटीक, प्रयोगशाळेतले कर्मचारी असतात. ते बरोबरच आहे. पण आपल्या गोठ्यात शेण कोण काढतं? ओलं वासरू कोण पुसतं? गाभडलेला गाभ पाटीत भरून उकिरड्यावर कोण नेतं? बहुतेक घरांत बायका. आणि आमच्या पशुपालन शिबिरात समोर बसलेले असतात पुरुष. मी बरीच वर्षं ग्रामपंचायतीच्या सभागृहात पुरुषांना हातमोज्यांचं महत्त्व सांगत होतो. एकदा एका गोठ्यावर सासूबाईंनी विचारलं, 'हे आम्हाला का नाही कुणी सांगितलं?' त्या दिवसापासून मी संध्याकाळी धारेच्या वेळेला गोठ्यावरच जाऊन बोलतो. हे वाचणाऱ्या पुरुषांना विनंती: ही माहिती घरात मोठ्याने वाचून दाखवा.

माणसातली लक्षणं काय?

संध्याकाळी चढणारा आणि सकाळी उतरणारा ताप, रात्री अंथरूण भिजवणारा घाम, कंबर-सांधे दुखणं, भूक जाणं, कमालीचा थकवा. ताप काही दिवस जातो आणि पुन्हा येतो. लागणीनंतर बहुधा एक ते चार आठवड्यांत सुरू होतो, कधी काही महिन्यांनीही. उपचार लांबले तर मणक्याला, सांध्यांना, पुरुषांच्या वृषणाला सूज येते, क्वचित हृदयाच्या झडपांपर्यंत जातं.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एका गाईची अडकलेली वार उघड्या हाताने काढली. हातमोजे संपले होते आणि मालक घाईला आला होता. तीन आठवड्यांनी ताप सुरू झाला. दीड महिना टायफॉइडच्या गोळ्या खाल्ल्या, वजन नऊ किलो उतरलं. मग एका डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं, 'तुम्ही काम काय करता?' पुढच्या चार दिवसांत निदान झालं.

म्हणून दवाखान्यात गेलात की विचारायची वाट पाहू नका. 'आमच्याकडे जनावरं आहेत, महिन्यापूर्वी गाय गाभडली होती, ब्रुसेलाची तपासणी करता का?' हे वाक्य स्वतःहून म्हणा. पाठदुखी आणि ताप असेल तर हा आजार मणक्याच्या टीबीसारखा दिसतो, त्या वेळी तर नक्की म्हणा. रक्ताचं कल्चर (रक्तातला जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) पाठवत असतील तर प्रयोगशाळेलाही शंका कळवायला सांगा, नाहीतर तिथल्या माणसाला लागण होऊ शकते.

बरा होतो का?

होतो. डॉक्टर साधारणपणे डॉक्सिसायक्लिन सहा आठवडे देतात, जोडीला रिफाम्पिसिन किंवा सुरुवातीचे काही आठवडे स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं. दुसऱ्या आठवड्यात ताप जातो आणि लोक गोळ्या बंद करतात, तिथेच आजार उलटतो. सहा आठवडे म्हणजे सहा आठवडे. माणसासाठी लस नाही.

घरात गरोदर बाई आहे.

तिला विण्याच्या आणि गाभडलेल्या गाईपासून पूर्ण लांब ठेवा. या आजाराने माणसातही गर्भपात होऊ शकतो, आणि नेहमीची औषधं गरोदरपणात जशीच्या तशी देता येत नाहीत. ताप आला तर लगेच डॉक्टरांकडे न्या. माणसाकडून माणसाला हा रोग क्वचितच जातो, त्यामुळे आजारी माणसाचं ताट-वाटी वेगळं करण्याची गरज नाही.

लस टोचताना सुई माझ्याच बोटाला लागली. काय करू?

जखम साबणाने भरपूर धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. बरोबर लसीची बाटली न्या. ही जिवंत लस आहे, ती माणसाला आजार देऊ शकते. डॉक्टर बहुधा तीन आठवड्यांचं प्रतिबंधक औषध सुरू करतात. डोळ्यात उडाली तरी हेच. कालवड धरायला उभ्या असलेल्या घरच्या माणसांनाही हे आधी सांगून ठेवावं.

सरकारी दवाखान्यात कळवलं तर गावात नाव खराब होईल. कळवावंच लागतं का?

हो. प्राण्यांतील संसर्गजन्य रोग प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, २००९ च्या अनुसूचीत गाईंचा ब्रुसेलोसिस आहे. रोगाची शंका आली तर मालकाने गावच्या अधिकाऱ्याला किंवा ग्रामपंचायतीला कळवायचं, आणि जनावर वेगळं ठेवायचं, असं तो सांगतो. नाव खराब होण्याची भीती खरी आहे, मी ती खोडून काढत नाही. पण लपवलेल्या गोठ्यांची बातमीही गावात फुटतेच, फक्त शेजाऱ्याची गाय गाभडल्यावर.

हा रोग कधी जाईल का?

जाऊ शकतो, हे सिद्ध झालेलं आहे. माल्टात थेमिस्टोक्लीस झॅमिट या तिथल्याच डॉक्टरांनी १९०५ मध्ये शेळ्यांत हा जंतू दाखवला. पुढच्या वर्षी ब्रिटिश सैनिकांचं शेळीचं दूध बंद केलं आणि त्यांच्यातला ताप झपाट्याने उतरला. ऑस्ट्रेलियाने १९७० पासून देशभर मोहीम राबवली आणि १९८९ मध्ये गाईंतल्या ब्रुसेलोसिसपासून मुक्ती जाहीर केली. अमेरिकेने १९३४ मध्ये सुरुवात केली, तिथे यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरातल्या बायसन (रानबैल) आणि एल्क (मोठं हरीण) यांच्यात तो अजून आहे.

आपण कापण्याचा रस्ता घेणार नाही, म्हणून आपल्याला वेळ जास्त लागेल आणि लसीकरण फार नेटाने करावं लागेल. कालवडींची एकेक पिढी लसवंत होत गेली की रोगी गाई वयाने संपत जातात. मधल्या काळात एकही फेरी चुकली तर ती पिढी उघडी पडते.

आज माझ्या गोठ्यात एकही गाय गाभडलेली नाही. मी काय करून ठेवू?

गोठ्याच्या खुंटीला एक पिशवी अडकवा. तिच्यात लांब हातमोज्यांच्या चार जोड्या, दोन मास्क, ब्लीचिंग पावडरचा पुडा, साबण, आणि कागदावर मोठ्या अक्षरात दवाखान्याचा नंबर आणि १९६२. चुन्याची गोणी कोरड्या जागी. पिशवी कुठे आहे हे घरात सगळ्यांना, आधी शेण काढणाऱ्या बाईला, दाखवून ठेवा.